डाव्या गालाची बंदूक

आई वाढायला बसली की तिचा एक डोळा तव्यावर आणि दुसरा माझ्या डाव्या हातावर असायचा. मी भाकरीचा तुकडा डाव्या हातानं मोडला, की उलथन्याची दांडी अलगद माझ्या मनगटावर यायची. मारलं तिनं कधीच नाही. नुसती दांडी टेकवायची आणि म्हणायची, "उजवा." बस, एवढाच शब्द. पेरू द्यायचा असो, एकवीरेचा अंगारा असो, शाळेचा डबा असो. मी डावा हात पुढं केला की तिचा हात तिथंच हवेत थांबायचा. उजवा आला की मग वस्तू हातात पडायची. डावा हात देवाला चालत नाही, पाहुण्याला चालत नाही, पेरणीला तर अजिबात चालत नाही, असं तिचं पक्कं होतं. मला त्याचा राग यायचा असंही नाही. दारात चपला काढून आत यायचं, तसंच तेही होतं.

घर आमचं कार्ल्याच्या डोंगराखाली. दोन खोल्या, पुढं ओसरी, मागं भाताची खाचरं. आबा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत गँगमन होते. रूळ आमच्या खाचरांच्या पलीकडूनच जायचे. गाडी गेली की फळीवरची भांडी किणकिणायची आणि आई बोलता बोलता थांबायची. भांडी गप्प झाली की वाक्य सोडलं होतं तिथूनच पुढं चालू. आमच्याकडं पाहुणे आले की त्यांना वाटायचं, बाईचं काहीतरी बिनसलं. आई पायथ्याच्या रस्त्याला पाटी घेऊन बसायची. उन्हाळ्यात काकडी, कैऱ्या, ताक, पावसात कणसं, थंडीत उकडलेल्या शेंगा. थंडी म्हटलं की मला मात्र शेंगांआधी खोबरेल आठवतं. आमच्याकडं थंडीत तेल बाटलीत गोठून पांढरं दगड व्हायचं. आई सकाळी उठल्याबरोबर ती बाटली कमरेला, पदराच्या आत, पोटाशी खोचायची आणि तशीच चूल पेटवायची, पाणी भरायची, भाकऱ्या थापायची. माझी वेणी घालायची वेळ येईपर्यंत तिच्या अंगाच्या उबेनं तेल सुटलेलं असायचं. डोक्यावर पडणारं ते तेल कोमट लागायचं. आता माझ्या घरी सगळ्या सोयी आहेत, पण तसं कोमट तेल मला पुन्हा कुणी लावलं नाही.

दहावीच्या वर्षी मी डोक्यावर गवताचा भारा घेऊन उतरत होते आणि शेवाळलेल्या कातळावरून पाय सटकला. उजवा खांदा निखळला. आबांनी मला तिकोणा पेठेच्या बाजूला एका हाडवैद्याकडं नेलं. त्यानं खांदा बसवला, पाला बांधला, आणि गूळ खायला दिला. खांदा बसला खरा, पण पुन्हा वर काही गेला नाही. लिहिता यायचं, जेवता यायचं. हंडा उचलता यायचा नाही. आई म्हणायची, "व्हईल बरा." आणि हंडा स्वतः उचलायची.

तशाच खांद्यानं मी कॉलेजात गेले. हे मी सांगतेच, कारण आमच्या भावकीत त्याआधी कॉलेजच्या पायऱ्या कुणी चढलं नव्हतं. ना पोरगा, ना पोरगी. मी बी.ए. झाले, तेही लोणावळ्याला एसटीनं जाऊन-येऊन, आणि आजही कुणी शिक्षण विचारलं की मी जरा ताठ बसूनच सांगते. कॉलेजात एनसीसी होती. फायरिंगच्या दिवशी पोटावर झोपून बंदूक खांद्याला लावायची होती. माझा खांदा तिथवर येईना. मी डाव्या खांद्याला लावली. मुली हसल्या. शिकवायला आलेले एक निवृत्त सुभेदार होते, पांढऱ्या मिशांचे. ते हसले नाहीत. खाली वाकून म्हणाले, "पोरी, कुठला डोळा मिटतेस?"

"उजवा."

"मग बरोबर आहे. तुझा साहेब डोळा डावा, नेम तोच धरतो. खांद्याचं काय झालंय?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "रविवारी शेडवर ये. आमच्यात ये, म्हाताऱ्यांच्यात."

शेड म्हणजे लोणावळ्यात बंद पडलेल्या एका कारखान्याची पत्र्याची शेड. तिथं सुभेदारसाहेबांनी छऱ्याच्या बंदुकांचा छोटासा क्लब चालवला होता. एका भिंतीला तरणी पोरं उभ्यानं नेम धरायची. दुसऱ्या बाजूला जाड फळ्यांची टेबलं होती आणि त्यांच्यामागं लोखंडी खुर्च्या. गुडघे गेलेले, कंबर धरलेले, बायपास झालेले असे सगळे निवृत्त लोक तिथं बसायचे. टेबलावर रेतीच्या दोन पिशव्या, पुढची मोठी, मागची लहान. त्यांच्यावर बंदूक टेकवायची, गाल दस्त्याला, म्हणजे मागच्या लाकडाला, लावायचा आणि मारायचं. याला बेंचरेस्ट म्हणतात हे मला नंतर कळलं. तिथं सगळे त्याला 'बाकडं' म्हणायचे. "बंदूक पिशवी उचलते," सुभेदारसाहेब म्हणाले, "तू फक्त श्वास उचल. तोही हळू ठेव." पहिल्या रविवारीच माझे छर्रे एकमेकांना चिकटून बसले. कागदातलं ते भोक बघून शेजारचे आजोबा म्हणाले, "साहेब, हिला उभ्याच्या पोरांत पाठवा. इथं आमचं पोट कशाला जाळता?" मी एसटीत बसून घरापर्यंत हसत आले. मला काय झालं होतं ते सांगते: आयुष्यात पहिल्यांदा एका जागी माझा डावा हात पुढं आला होता आणि कुणी "उजवा" म्हणालं नव्हतं.

पण बंदूक उजव्याची होती. नेमाच्या बंदुकीला दस्त्यावर गाल टेकवायला एक उंचवटा असतो, आणि तो एकाच बाजूला असतो. माझा गाल भलत्या बाजूला, सपाट लाकडावर घसरायचा. त्याहून वाईट म्हणजे हवा भरायचा दांडा उजवीकडं. तो जोर लावून मागं ओढावा लागतो, आणि माझा उजवा खांदा तर नुसता नावाला. म्हणून दर छऱ्याला मी बंदूक पिशवीवरून उचलायची, आडवी धरायची, डाव्या हातानं दांडा ओढायची, छर्रा घालून पुन्हा पिशवीवर मांडायची. बाकड्याचं सगळं मर्म बंदूक न हलवण्यात आहे आणि मी ती दर वेळी हलवत होते. सुभेदारसाहेब म्हणाले, "हिला डाव्याची बंदूक पाहिजे. नवी परदेशातून येते, ती आपल्या आवाक्यात नाही. कुणाकडं तरी जुनी पडलेली असेल. मी चार ठिकाणी बोलतो, तुम्हीही कान उघडे ठेवा."

आबांनी कान जरा जास्तच उघडे ठेवले. एका गुरुवारी ड्युटीवरून येतानाच ओरडत आले, "मंदे, घावली! शिरगावात हाय. डाव्या हाताची!" आम्ही दोघं शिरगावला गेलो. साईबाबांच्या देवळाबाहेर गर्दी, आणि गर्दीच्या टोकाला फुगे फोडायचा स्टॉल. स्टॉलवाल्यानं खिळ्याला टांगलेली बंदूक काढून आबांच्या हातात दिली.

"ही डाव्याची?" आबांनी विचारलं.

"भाऊ, हिला काय डावं-उजवं? कुठल्या बी हातानं मारा, फुगा फुटनार न्हाई. नळी वाकडी हाय ना!"

आबा त्याच्याकडं बघत राहिले, मग इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. परतताना मला म्हणाले, "खोटं न्हाई बोलला गडी." आईला त्यांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा ती हसली नाही. शेंगा निवडता निवडता म्हणाली, "डाव्या हाताचं हत्यार कुणी करंल तरी का? देवानं हात दिलेत ते बघून करत्यात वस्तू." तिला माझं शेडवर जाणं पसंत नव्हतं. बंदुकीचं तिला काही नव्हतं; आमच्या मावळात बाईनं हत्यार धरलं म्हणून कुणी भुवई उंचावत नाही. तिला टोचत होता तो हात. इतकी वर्षं सांभाळून सांभाळून मागं ठेवलेला हात लेक चारचौघांत पुढं करते, हे.

मग सुभेदारसाहेबांचा निरोप आला. तळेगावात एक निवृत्त दातांचे डॉक्टर होते, स्वतः डावखुरे. त्यांच्याकडं जर्मन बनावटीची, डाव्याची बंदूक होती. ते ती विकणार होते. आबा आणि मी गेलो. डॉक्टरांनी दार उघडलं तेव्हा त्यांचा डावा हात थरथरत होता आणि उजव्या हातानं त्यांनी तो धरून ठेवला होता. बंदूक हिरव्या बनातीचं अस्तर लावलेल्या पेटीत होती. मी गाल लावला. आता हे कसं सांगू? उशीवर डोकं टेकलं की उशी आपलीच आहे हे जसं कळतं, तसं. उंचवटा माझ्या बाजूला, दांडा माझ्या हाताशी. मी गाल उचललाच नाही. डॉक्टर हसून म्हणाले, "कळलं. मला पण तसंच झालं होतं."

पण पुण्याच्या एकानं आधीच मागणी घातली होती. तो उजव्या हाताचा. दस्ता तासून, उंचवटा कापून दुसऱ्या बाजूला नवा बसवून घेणार होता. नळी उत्तम म्हणून त्याला ती हवी होती. "लाकूड कापायचं म्हणतोय," डॉक्टर म्हणाले आणि पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "संक्रांतीनंतरच्या रविवारी तुमच्या शेडवर बाकड्याची स्पर्धा आहे ना? तोवर घेऊन जा. त्या दिवशी मी येतो. हिच्याजवळ ती कशी चालते ते बघू दे मला. मग ठरवतो, कुणाला द्यायची." आबा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, फुकट न्हाई घेणार आमी." डॉक्टर म्हणाले, "अजून दिलेली नाही हो." एवढं बोलून ते दारापर्यंत आमच्याबरोबर आले आणि पेटीवर एकदा हात ठेवून आत गेले.

ती बंदूक आमच्या घरात धान्याच्या कणगीशेजारी राहिली. आई तिच्याकडं बघायची नाही. झाडताना पेटीभोवतीनं झाडू फिरवायची, पाहुण्याच्या पायांभोवतीनं फिरवतात तसा. मी रोज ओसरीत स्टुलावर रेतीच्या पिशव्या मांडून छर्रा न घालता नेम धरायची. एकदा मान वर केली तर आई चुलीपाशी बसून माझ्याकडं टक लावून बघत होती. तव्यावर भाकरी करपत होती. मी म्हटलं, "आई, भाकरी." ती म्हणाली, "हाय ध्यानात," आणि भाकरी उलटली. करपलेली भाकरी तिनं स्वतः खाल्ली.

स्पर्धेच्या सकाळी आई म्हणाली, "मी बी येते." मला वाटलं, थट्टा करते. पण तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, डब्यात तिळगूळ भरून घेतला होता. आबांची ड्युटी होती. आम्ही दोघी पहिल्या एसटीनं लोणावळ्याला उतरलो तेव्हा धुक्यानं समोरची दुकानं दिसत नव्हती. दात वाजत होते. शेडमध्ये सगळी म्हातारी मंडळी मफलर-कानटोप्यांत. डॉक्टर खुर्चीवर बसले होते, शालीत हात गुंडाळून. मी पेटी टेबलावर ठेवली, उघडली आणि तशीच उभी राहिले.

बंदूक पांढरी झाली होती. दांड्याच्या खाचेत, चापाभोवती, छर्रा घालायच्या जागी, सगळीकडं पांढरा थर. मी दांडा ओढला. तो अर्ध्यावर अडला. चाप दाबला, तो दबून तिथंच राहिला. मग वास आला. मी मागं वळले.

"आई! हे काय केलंस?"

आई दाराशी डबा छातीशी धरून उभी होती. "काय केलं? तेल लावलं. काल सांजच्याला, चांगलं चुलीपाशी कोमट करून. भोकाभोकात घातलं."

"कशाला?"

तिला तो प्रश्नच कळेना. "कशाला म्हंजे? तेल लावल्याबिगर तुला कवा भाईर धाडलंय का मी?"

माझे डोळे भरून आले ते रागानं की कशानं, मला तेव्हा सांगता आलं नसतं. आजही नीट येणार नाही. एवढंच कळत होतं की बंदूक गेली. डॉक्टरांची इतक्या वर्षांची जपलेली वस्तू आम्ही खोबरेलानं लडबडून आणली, आणि आता ते ती मुकाट्यानं पुण्याला देतील, लाकूड कापायला. डॉक्टर उठले. नाक बंदुकीजवळ नेलं. "घाण्याचं आहे?" त्यांनी आईला विचारलं.

"व्हय. घरच्या खोबऱ्याचं."

"उत्तम." ते माझ्याकडं वळले. "घाबरू नकोस. मोडलेलं काही नाही, गोठलंय. ऊब मिळाली की सुटेल. शेगडीजवळ मात्र नको, लाकूड तडकेल."

आईनं आणखी काही ऐकून घेतलं नाही. डबा माझ्या हातात दिला, बंदूक उचलली, पदराच्या आत घेतली, पोटाशी धरली, आणि शेडच्या दाराशी जिथं उन्हाची पहिली तिरीप पडत होती तिथं जमिनीवर मांडी घालून बसली. खोबरेलाची बाटली धरायची तशीच. नळी तिच्या खांद्यावरून वर आलेली, दस्ता मांडीवर. एक कानटोपीवाले आजोबा म्हणाले, "वहिनी, आमच्या बंदुकांना पण थंडी वाजते हो." आई म्हणाली, "तुमच्या आयांना सांगा." हसण्यानं शेडचे पत्रे वाजले. सुभेदारसाहेबांनी माझा नंबर सर्वांत शेवटी टाकला.

ऊन वर आलं तसं आईनं पदर बाजूला केला. तेल सुटलं होतं, लुगड्यावर डाग उतरले होते. डॉक्टर सांगत गेले, मी जुन्या सुती कापडानं खाचाखाचांतून तेल टिपत गेले. दांडा सैल झाला, चाप परतला. पण आत नळीत गेलेलं तेल काही निघणार नव्हतं. ते जळूनच जावं लागणार होतं. सरावाच्या पहिल्या छऱ्याला नळीतून निळा धूर निघाला आणि सगळ्या शेडभर खरपूस भाजलेल्या खोबऱ्याचा वास पसरला. छर्रा कागदाच्या बाहेर, फळीत. दुसरा कागदाच्या कोपऱ्यात. "साहेब, आज क्लबात मोदक आहेत काय?" कुणीतरी विचारलं. मी मारत राहिले. धूर विरळ होत गेला, भोकं मध्याकडं सरकत गेली. मग धूर थांबला. मी गाल टेकवला. लाकूड अजून कोमट होतं.

त्यानंतरचं मला फार आठवत नाही. फक्त इतकं आठवतं की बंदूक पिशवीवरून एकदाही उचलावी लागली नाही. डावा हात दांड्यावर, डावा हात छऱ्यावर, डावं बोट चापावर. मी दुसरी आले. पहिले आलेले कानटोपीवाले आजोबा माझा कागद स्वतःच्या कागदावर ठेवून उजेडात धरून बघत होते, आणि तेव्हाचं त्यांचं तोंड मला पहिल्या नंबरापेक्षा गोड वाटलं.

मी बंदूक पुसून पेटीत ठेवली आणि पेटी डॉक्टरांपुढं सरकवली. त्यांनी झाकण उघडून वास घेतला. "हा वास आता जन्मात जायचा नाही," ते म्हणाले. "पुण्याच्या माणसाला मी ही कुठल्या तोंडानं विकू? घेऊन जा तुझी बंदूक." 'तुझी' म्हणाले ते. मी पाया पडायला वाकले तर म्हणाले, "नमस्कार नको, दरवर्षी आठवणीनं येत जा." त्याप्रमाणं, डॉक्टर होते तोवर, भात झोडून झाला की आबा नव्या इंद्रायणीचं पोतं खांद्यावर टाकून तळेगावला जायचे आणि मी बरोबर असायची. दाराशी दोघांची दरवर्षी तीच हुज्जत. "एवढा कशाला?" "फुकट न्हाई म्हनलोतो."

पण ते नंतरचं. त्या दिवशी अजून एक व्हायचं होतं. आईनं डबा उघडला आणि सगळ्यांना तिळगूळ वाटत निघाली. डॉक्टरांपुढं आली तेव्हा त्यांनी सवयीनं डावा हात पुढं केला. तो थरथरत होता. लगेच त्यांच्या लक्षात आलं, म्हणाले, "चुकलो," आणि तो मागं घेऊन उजवा काढायला लागले. आईचा हात हवेत थांबलेला. मला तो थांबलेला हात पुरता ओळखीचा होता. मी वाट बघत होते त्या एका शब्दाची.

"ऱ्हाऊ द्या, डॉक्टर," आई म्हणाली. "त्याच हातावर घ्या." आणि आपला एक तळवा त्यांच्या थरथरत्या हाताखाली धरून तिनं लाडू त्यावर ठेवला. हात स्थिर होईपर्यंत तिनं आपला तळवा काढला नाही.

मग ती माझ्याकडं आली. मी मुकाट्यानं उजवा हात पुढं केला. खांदा दिवसभराच्या थंडीनं ठणकत होता, तो पुरता वर येईना. आईनं तो हात खाली केला. पदरानं माझी डावी बोटं पुसली, त्यांना अजून खोबरेल लागलेलं होतं, आणि तिळगूळ डाव्या तळहातावर ठेवून माझी मूठ आपल्या हातानं मिटली.

"खा," ती म्हणाली. "सकाळधरनं पोटात काय न्हाई तुझ्या."